न फिरणारा डिस्ट्रिब्युटर

सत्तरच्या दशकात माझ्याकडे परदेशी बनावटीची एक जुनी, दोन दारांची मोटार होती. आधीच्या मालकानं ती शर्यतीत पळवली होती, निदान विकताना तसं सांगितलं होतं. मी ते सासरी बोलून गेलो. तेव्हापासून धाकटा मेहुणा भेटला की विचारायचा, "दाजी, शर्यतीची गाडी म्हणता, मग बैलं कुटं बांधलीत?"

त्याच मेहुण्याचा साखरपुडा मुलीच्या गावी, करकंबला ठरला आणि सगळ्यांचे डोळे माझ्या गाडीकडे लागले. सासरे, म्हणजे आमचे मामा, सोलापूरच्या नवी पेठेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात शिडीवरून पडले होते. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, वासा ठेवल्यासारखा सरळ. एस.टी.त तो मावणार नव्हता, आणि लग्नसराईत भाड्याची एकही मोटार मोकळी नव्हती. माझ्या गाडीची पुढची सीट मात्र पार मागं सरकायची.

"मी नसताना सुपारी कोण फोडणार?" मामा येईल त्याला विचारायचे.

अडचण अशी की गाडी चढाला लागली की टकटक वाजायची, तापायची आणि थांबायची. मेकॅनिकनं कान लावून सांगितलं, "ठिणगी जल्दी पड़ रही साब. टायमिंग पीछे लेव. नाखून भर, बस."

"नखभर म्हणजे किती? कुणाचं नख?" मी विचारलं. त्यानं पाना उचलला.

टायमिंग मागं घ्यायचं म्हणजे डिस्ट्रिब्युटर फिरवायचा. हा इंजिनाच्या अंगात उभा खोचलेला लोणच्याच्या बरणीएवढा डबा. तो किंचित फिरवला की ठिणगीची वेळ बदलते. खालचा बोल्ट सैल करायचा आणि डबा हातानं वळवायचा, एवढंच काम. बोल्ट सैल झाला, डबा हलेना. रॉकेल ओतलं, तेल सोडलं, लाकडी ठोकळ्यानं चारी बाजूंनी ठोकलं. मेकॅनिकनं हात पुसले. "ज़ोर करा तो टूटेगा साब. सोलापुर में मिलता नई," म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

साखरपुड्याच्या आदल्या दुपारी मी पुन्हा बॉनेट उघडलं. मामा शेजारीच खाटेवर पाय लांब करून देखरेख करत होते. नखाचा हिशेब नीट व्हावा म्हणून मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक हातात घेतला होता.

"दाजी, उद्या भूमितीचा पेपर हाय का?" मेहुण्यानं विचारलं.

मी वाकलो आणि मुंग्या दिसल्या. लाल मुंग्यांची रांग चाकावरून चढून, रॉकेलच्या ओलीला वळसा घालून, बरोबर डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी चालली होती. काही परतही येत होत्या आणि समाधानी दिसत होत्या.

"मामा," मी म्हणालो, "मुंग्या काही तेल प्यायला येत नाहीत."

मामांनी तोंड फिरवलं. दर खंडेनवमीला ते आमच्या गाडीची पूजा करायला जातीनं यायचे. पहिल्या वर्षी मी बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढत होतो, तर त्यांनी अडवलं. "झाकणाची पूजा करता, जावईबापू? दुकानात आम्ही कुलपाची करत नाही, कापड मोजायच्या गजाची करतो. उघडा." मग इंजिनाला भस्म, फुलं आणि वरून पंचामृताचा अभिषेक. तो प्रसाद डब्याच्या खाचेत उतरून दरवर्षी इंजिनाच्या आचेवर घट्ट होत गेला होता.

"अप्पा, साखर किती घालत होता?" बायकोनं वडिलांना विचारलं.

"देवाला कमी घालतात का?" मामा म्हणाले.

साखर ना रॉकेलात विरघळते ना तेलात. पाकाची कढई पाण्यानंच सुटते. बायकोनं बंबातलं कढत पाणी आणलं. मी डिस्ट्रिब्युटरच्या वायरी आणि झाकण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बुडाशी बारीक धार धरली.

"अप्पा, रुद्र म्हणा की! अभिषेक चाललाय," मेहुणा म्हणाला.

"गप. तुझंच लग्न अडलंय," मामा म्हणाले, पण त्यांचे ओठ हलताना मी पाहिले.

जळक्या गुळाचा वास आला. तिसऱ्या तांब्याला डबा करकरला आणि एकदम असा फिरला की माझं कोपर बॉनेटच्या टेकूवर आपटलं. डबा जिथं होता तिथं आधीच पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. कोनमापक लावून तीन अंश मागं घेतला, बोल्ट आवळला, सगळं कोरडं पुसलं. मग मामांना पुढच्या सीटवर ठेवून, हो, ठेवूनच, जवळच्या चढावर नेलं. ते कान देऊन बसले होते. टकटक नाही.

"उद्या धोतर कुठलं नेसू?" त्यांनी मागच्या सीटवर बसलेल्या लेकीला वळून विचारलं.

करकंबला आम्ही वेळेवर पोचलो. पण इतक्या खोल सीटमधून मामा बाहेर निघेनात. दोघांनी ओढलं, एकानं ढकललं. शेवटी मुलीकडची वडीलमाणसं पाट, ताट आणि भटजींसकट गाडीपाशी आली. खिडकीतून हात काढून मामांनी सुपारी फोडली आणि होणाऱ्या सुनेच्या हातात साडी दिली. मी सुकाणूमागं हात जोडून बसलो होतो. इंजिन बंद करायला गेलो तर मामांनी मनगट धरलं.

"चालू राहू दे, जावईबापू. परत सुरू नाही झालं तर लग्नही इथंच लावावं लागेल."