मागच्या उजव्या चाकाची पूजा

नवऱ्याच्या त्या गाडीवर मी सात वर्षं चिडले. गाडी कसली, इंग्लंडहून खोक्यांतून आलेले सुटे भाग. ते घरी जोडायचे आणि त्यांची गाडी करायची, असला हा छंद. शारजात आमच्या भाड्याच्या व्हिलाच्या अंगणात पत्र्याखाली ती उभी राहिली आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी गच्चीवर गेली. पन्नाशी उलटलेला माणूस सुट्टीच्या दिवशी आंघोळ न करता तिच्याखाली शिरायचा. मी तिला सवत म्हणायचे. लग्न माझ्याशी केलंस की हिच्याशी, असं विचारलं की खालून आवाज यायचा, दहाचा पाना दे.

हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅक्टरीत तो क्वालिटीत होता. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची, हीच नोकरी. माझ्या पोळ्यांच्या कडासुद्धा त्याच्या तावडीतून सुटल्या नाहीत. पण स्वतःचं काम इतकं चोख की मुलीची सायकल असो नाहीतर शेजाऱ्यांचा एसी, याचा हात लागला की ते पुन्हा बिघडायचं नाही. त्याला याचा गर्व होता. तोंडावर कधी बोलले नाही, पण मलाही होता.

मागच्या वर्षी गाडी पासिंगला नेली तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं, इंजिन जोरदार आहे, पण मागचे ब्रेक जुनाट, ड्रमवाले, ते हिला थांबवणार नाहीत. मग मागच्या दोन चाकांना जोडणारा अख्खा ॲक्सलच बदलायचा ठरला. भंगारबाजारातून दणकट ॲक्सल आला, इंग्लंडहून डिस्क ब्रेक आले. काम अर्ध्यावर असताना फॅक्टरी बंद होत असल्याचं पत्र हातात पडलं. व्हिसा संपणार, दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी पुण्याचं विमान. असली गाडी तिकडच्या रस्त्यावर चालवता येणार नव्हती. जे काही चालवायचं ते इथेच.

"एकदाच," तो म्हणाला. "गाडी पास होऊन नोंदणीची मुल्किया हातात, तू शेजारी, खोरफक्कानच्या समुद्रापर्यंत जाऊन यायचं. मग ती गेली तरी चालेल."

सात वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलं ते एवढंच. मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून माझाही जीव त्या गाडीत अडकला.

दसऱ्याला तो झेंडू आणायला गेला होता. मी पूजेचं ताट घेऊन अंगणात बसले. स्टेअरिंगला, बॉनेटला हळदकुंकू लावलं. मागचं उजवं चाक काढून ठेवलेलं होतं आणि आतली नवी डिस्क ताटासारखी लखलखत होती. मला वाटलं, माझ्या माणसाला वेळेवर थांबवणार ती हीच, खरा मान हिचा. कोरडं कुंकू काही त्या गुळगुळीत लोखंडावर टिकेना. मग वाटीत खोबरेल तेल घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि बोटाने चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. तेवढ्यात फाटक वाजलं. हे काय माखून ठेवलंस, असं सणासुदीला ऐकून घ्यायचं नव्हतं, म्हणून पदरानेच घाईघाईने पुसून टाकलं. त्याने गुणगुणत चाक बसवलं. सोनं देताना तो मला म्हणाला, आज छान दिसतेस.

चौथ्या दिवशी पासिंग होतं. मागचं उजवं चाक काही धरेना. तिथल्या माणसाने वाकून पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, तेल लागलंय, खलास, फेल.

घरी येऊन याने चाक उतरवलं. आमची मुलगी दुबईत अल बर्शाला राहते, तिथेच नोकरी करते. ती मुद्दाम रजा घेऊन आली होती. याने डिस्कला आवळून धरणारा ब्रेकचा पॅड बोटांत चोळला आणि बोटं फडक्याला पुसली.

"सील गळतंय," तो म्हणाला. "ॲक्सलमधलं तेल येतंय. मीच बसवलंय ते."

मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट ऑर्डर न्यू पॅड्स." त्यावर त्याचं म्हणणं, गळती सापडल्याशिवाय नवे पॅड घालून उपयोग काय, तेही भिजतील.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पॅड यायला दहा दिवस, विमानाला सतरा. तिथल्या तिथे हिशेब केला मी. एक वाक्य बोलायचं होतं. आणि मी बोलले नाही. सात वर्षं जिला सवत म्हटलं, तिच्या ब्रेकला मीच तेल लावलं. त्याला वाटलं असतं, हिने मुद्दाम केलं. उद्या सांगू म्हटलं. अगं, कसला उद्या!

त्याने सील बदललं. ॲक्सलखाली पांढरा कागद अंथरला. सकाळी कागद कोरडा. तरी याला पटेना. पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. जुने पॅड पेट्रोलने धुऊन, घासून गाडी परत नेली, परत फेल. तेल आतवर मुरलं होतं. घरी येऊन पुन्हा कागद, पुन्हा कोरडा. त्या कोरड्या कागदाकडे तो असा बघायचा की मला तिथे उभं राहवायचं नाही. खोट आहे आणि आपल्याला सापडत नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. जेवताना स्वतःचे हात उलटसुलट करून बघायचा. मुलीच्या पत्त्यावर पॅड मागवले तेव्हा अकरा दिवस गेले होते, विमानाला सहाच उरले होते.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी भंगारवाल्याच्या ट्रकवर चढली. हत्यारांची पेटीही याने तिच्यातच ठेवली. मी म्हटलं, पेटी तरी राहू दे. तो नुसता आत गेला. पुण्यात पोचल्यावर चार दिवसांनी मुलीचा फोन आला, पार्सल आलंय, काय करू? त्याने मला खूण केली, तूच बोल.

परवा कुकरची दांडी ढिली झाली. एका स्क्रूचं काम. मी कुकर त्याच्यापुढे ठेवला. त्याने दांडी जरा हलवून पाहिली आणि कुकर माझ्याकडे सरकवला.

"कुणाला तरी बोलाव," तो म्हणाला. "माझ्या हातचं आता टिकत नाही."

आता सांगायचंच, म्हणून मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, काय म्हणून विचारलं.

"बोलावते," मी म्हटलं, आणि कुकर उचलून आत आले.