वय आणि समुद्र

माझी चुलतबहीण शुभदा गेल्या महिन्यात, अमावास्येच्या दिवशी, रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी समुद्रात बुडून वारली. सकाळी ती खडपात, किनाऱ्यावरच्या खडकांत, कालवं काढायला एकटी गेली होती. दुपारी होडीवाल्यांना ती सापडली. पंचनाम्यात पाय घसरून पडल्याची नोंद आहे. खडकांवर शेवाळ होतं, हे खरं. अमावास्येला सुकती, म्हणजे ओहोटी, पहाटेची असते आणि ती घरातून निघाली तेव्हा पाणी चढू लागून बराच वेळ झाला होता, हेही खरं. कोणत्या तिथीला भरती कधी, हे ती शाळेत जायच्या आधी शिकली होती. शेवाळानं किती केलं आणि विसरण्यानं किती, याची वाटणी आता होणार नाही. अशी वाटणी करणं हाच तिचा व्यवसाय होता.

शुभाताई पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मेंदूच्या स्कॅनमधून निघणाऱ्या आकड्यांचं काम करायची आणि तिथल्या विद्यार्थ्यांना ते शिकवायची. तिचे वडील, म्हणजे माझे काका अप्पा, सगळी नोकरी बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून घरी परतले आणि थोड्याच वर्षांत विसरू लागले. आधी माणसांची नावं, मग घराकडे येणारी पाखाडीची वाट. ती त्यांच्यासाठी गावी येऊन राहिली आणि घरूनच काम करू लागली. तेव्हा संस्थेनं किनाऱ्यावरच्या निवृत्त खलाशांचा अभ्यास हाती घेतला होता. स्मरणाशी संबंधित असलेला मेंदूचा एक छोटा भाग त्यांच्यात आक्रसलेला दिसत होता. तो वयामुळे, की इंजिनरूमच्या धुरात काढलेल्या वर्षांमुळे, हा प्रश्न होता. ताईला उत्तर समुद्र असं हवं होतं. ते समुद्रामुळे असेल, तर अप्पांपाशी थांबत होतं. नसेल, तर घराण्यातून पुढे येण्याची शक्यता उरत होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही हसत.

आकडे मात्र बोलेनात. इथला माणूस मिसरूड फुटलं की बोटीवर चढतो आणि थकला की उतरतो. त्यामुळे ज्याचं वय जास्त, त्याची समुद्रावरची वर्षंही जास्त. दोन्ही कारणं एकाच समीकरणात घातली की ती एकमेकांचा वाटा खायची. मूठभर माणसं वगळली तर सगळा दोष वयावर जायचा, दुसरी मूठ वगळली तर समुद्रावर. तिच्या वरिष्ठांनी अहवालाच्या मसुद्यात लिहून टाकलं की वयाचा परिणाम वजा केल्यावर समुद्राचा काही परिणाम उरत नाही. ताईनं त्यावर सही करायला नकार दिला. मी बातमीदार, मला हा वाद कळेना. तिनं फोनवर समजावलं, "रापणीचं जाळं ओढताना बघितलंस ना? दोन गडी रोज एकाच दोराला, एकत्रच येतात, एकत्रच जातात. कुणाचा जोर किती, कसं सांगशील? त्यातला एक जण एक दिवस गैरहजर राहिला तरच कळेल. आमचा कुणी गैरहजरच राहत नाही रे…"

गैरहजर माणूस तिला आमच्याच चालीरीतीत सापडला. आमच्या भागात थोरला बोटीवर जातो आणि धाकटा घरची आंब्याची कलमं सांभाळतो. रक्त एक, वयात थोडंच अंतर, समुद्र फक्त एकाच्या वाट्याला. तिनं भावांच्या जोड्या जमवायला सुरुवात केली. अप्पांचा धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील. ती त्यांना स्कॅनसाठी विचारायला आली तेव्हा ते पडवीत आंब्याच्या पेट्या ठोकत होते.

"माझ्या डोक्यात काय बघायचंय गो तुला? मी कधी बोटीवर चढलो नाय."

"म्हणूनच तुम्ही हवे आहात, काका."

"दादा हुशार म्हणून गेला बोटीवर, मी ढ म्हणून राहिलो कलमांत. आता ढ माणसाला भाव आला म्हणायचा!"

"आला ना. गाडी पाठवते न्यायला."

"गाडी कसली? आजारी आहे काय मी? एस्टीनं जाईन."

बाबा एस्टीनं पुण्याला गेले, स्कॅन करून आले, आणि यंत्र भाताच्या गिरणीसारखं वाजतं असं आठवडाभर सांगत राहिले.

बहुतेक जोड्यांत बोटीवर गेलेल्या भावाचा तो भाग लहान निघाला. वरिष्ठांना मसुदा बदलावा लागला. आमच्या जोडीत फरक नव्हता. अप्पांचा जितका आक्रसला होता, जवळजवळ तितकाच बाबांचा. अभ्यासात नावं झाकलेली असतात, पण ती जोडी ओळखायला ताईला नावाची गरज नव्हती. तिनं मला फोन केला. "एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच मुलांना शिकवते," ती म्हणाली. मग म्हणाली, "काकांना सांगू नकोस."

अप्पा गेल्या पावसाळ्यात वारले. त्यानंतर ताईनं स्वतःचा स्कॅन करून घेतला. दिवाळीच्या सुमारास तिनं मला फोनवर रापणीचं उदाहरण पुन्हा सांगितलं, पहिल्यांदाच सुचल्यासारखं. शिकवणाऱ्या माणसाची सवय, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी तिनं फोन करून तेच उदाहरण, त्याच शब्दांत, पुन्हा सांगितलं.

तेराव्यानंतर तिच्या एका सहकारी बाईंचा संस्थेतून फोन आला. ताईचा स्कॅन वाचून झाला आहे. तो काय सांगतो हे नियमानं बाहेर सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. अभ्यासाचा पुढचा टप्पा खलाशांच्या आणि त्यांच्या भावांच्या मुलांचा आहे. ताईच्या जोडीला आमच्या घरातून एक चुलतभावंड लागणार होतं. बाबांना मी एकटाच. मला स्कॅनसाठी येत्या सोमवारी सकाळची वेळ मिळाली आहे.