उसनी चूक

आमच्या तांत्रिक ब्लॉगचे नियम ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात ठरले. डॉक्टर माझा मेहुणा, आणि रविवारी दवाखाना बंद. किडलेल्या दाढेच्या भल्यामोठ्या चित्राखाली आम्ही दहा-बारा जण बसायचो. आवाज दणदणीत म्हणून अध्यक्ष अर्थातच मी.

ब्लॉग सगळ्यांचा मिळून. त्यात घरगुती यंत्रं, सेन्सर, असलं काहीबाही. रिवाज एकच: लेखाची सुरुवात ‘काय फसलं’ या भागाने. आधी आपली फजिती सांगायची, मग शहाणपण. हा रिवाज माझ्या डोंबिवलीच्या मित्राने पाडला. पाण्याच्या टाकीचा सेन्सर चुकून सांडपाण्याच्या टाकीत सोडून त्याने अख्ख्या सोसायटीला ‘पाणी भरपूर आहे’ या सुखात कसं ठेवलं, ते वाचून मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो.

मग त्याला पक्षाघात झाला. चालणं सुधारलं, पण शब्द हाक मारली की दाराआड लपायचे. तरी काही महिन्यांनी त्याचा नवा लेख आला, टाकीवरचाच. नेटका, स्वच्छ. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढे ब्लॉगवर एआयने लिहिलेले लेख येऊ लागले, तेव्हा नियम करायला सभा भरली. वर्तकनगरची एक तरुण सभासद म्हणाली, “खरा लेख कसा असतो, ऐका,” आणि त्याचाच लेख वाचू लागली. “‘घाईघाईत मी वायर उलट जोडली.’ काका, तुम्ही आणि घाई? तुम्ही तर चहासुद्धा मॅन्युअल वाचून पिता!”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

“मी... नाही जोडली,” तो म्हणाला. “मुद्दे... माझे. चूक... त्या एआयने घातली.”

ती पोरगी कानापर्यंत लाल झाली. मी अध्यक्षीय थाटात तोडगा काढला, “अरे, तुझ्यापुरता अपवाद करू की!”

“लोकलमधला दिव्यांगांचा डबा?” हे मात्र त्याला न अडखळता आलं.

नियम झाला: एआयची मदत घेतली तर तसं सांगावं, पण ‘काय फसलं’ ज्याचं त्यानेच लिहावं. म्हणजे त्याला लिहायचं तर निदान तेवढे शब्द त्याचेच हवेत, आणि शब्दच तर येत नव्हते. मतदानात पहिला हात त्याचा वर गेला. डावा. उजवा वर जात नाही.

“लेख... काढ,” त्याने मला सांगितलं.

“अरे, लोकांना उपयोग होतोय त्याचा.”

“चूक... तरी... माझी हवी.”

मी काढला.

तो अजून दर रविवारी येतो, दाढेखाली बसतो. परवा एका वाचकाने विचारलं, टाकीवरचा लेख कुठे गेला, माझं काम अर्धवट राहिलंय. मी फोन घेऊन त्याच्याशेजारी बसलो. “तू सांग, मी टाइप करतो. काय फसलं होतं?”

“सेन्सर...” तो म्हणाला. मी थांबलो. मला थांबायची सवय नाही. रिक्षातून इथल्या इथे खोपटपर्यंत गेलो तरी मी त्याचं तीन अंकी नाटक करून सांगतो. “सेन्सर... तो...” मग त्याने मान हलवली. “तू लिही.”

मी लिहिलं, ‘लेखकाने लेख मागे घेतला आहे.’

त्याने सावकाश वाचलं. मग ‘लेखकाने’ या शब्दावर बोट ठेवून ते आडवं फिरवलं. म्हणजे, हा शब्द खोड.

मी खोडला नाही. उत्तर पाठवलंही नाही.