ताई म्हणणाऱ्याची सही

विमानांचे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात मी प्रशिक्षण अधिकारी होते. आमच्या मुख्य साहेबांचं तत्त्व होतं की वाईट बातमी आणणाऱ्याचे आभार मानायचे. काम चुकलंय असं वाटलं, तर कोणत्याही कामगारानं त्या भागावर लाल चिठ्ठी लावून काम थांबवावं. नव्या कामगारांना हे मी शिकवायचे, आणि अगदी मनापासून शिकवायचे.

बुलढाण्याजवळच्या धाड गावच्या एका फिटरनं ते खरं मानलं. पंखाच्या पत्र्यातली काही भोकं त्याला मापापेक्षा मोठी आढळली. त्यानं चिठ्ठी लावली. सुपरवायझरनं ती काढली. त्यानं पुन्हा लावली आणि लेखी तक्रारही दिली. आठवड्याभरात त्याला सक्तीच्या रजेवर घरी पाठवलं.

साहेबांनी मला बोलावलं. "तुम्ही नांदुऱ्याच्या ना? म्हणजे त्याच्याच जिल्ह्यातल्या. मोजण्यात चूक झाली असं लिहून दिलं, तर परत घेऊ म्हणावं." भोकं पुन्हा कुणी मोजली का, हे मी विचारलं नाही.

बुलढाण्याहून जीपनं धाडला पोचले, तो बाजाराचा दिवस होता. तो मला घ्यायला स्टँडवर आला होता. कारखान्यात मॅडम म्हणायचा, इथं ताई म्हणाला. घरी त्याच्या बायकोनं पोहे केले. खाऊन झाल्यावर मी कागद पुढे केला.

त्यानं तो दोनदा वाचला. "ताई, ते भोकं मोठेच हायेत. तुमी पाह्यले का?"

"नाही."

"मंग माही चूक झाली असं काऊन लिहू?"

मी नोकरीचं सांगितलं, पोरांच्या शाळेचं सांगितलं. शहरात इतकी वर्षं लपवलेली बोली त्या दिवशी मुद्दाम काढली. "सही करून टाका ना भाऊ. तुमच्याच भल्यासाठी सांगून राह्यली मी."

त्यानं कागद पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "म्या नाही केली, तं तुमाले तरास होईन का?"

मी हो म्हणाले. त्यानं सही केली.

पंखाचे ते पत्रे त्याच आठवड्यात पुढे जोडणीला गेले. त्याला परत घेतलं, पण स्टोअरमध्ये बसवलं. दिवाळीच्या आधी तो नोकरी सोडून गावी गेला. मला बढती मिळाली. माणसं धाकानं नाही, विश्वासानं जिंकायची असतात, असं साहेब माझ्याकडे बोट दाखवून भर सभेत म्हणाले. टाळ्या पडल्या. मी उभी राहून हात जोडले.

मागच्या वर्षी बुलढाण्याच्या स्टँडवर त्याची बायको दिसली. तिनं मला ओळखलं. मी पुढे झाले, तशी ती पिशवी उचलून दुसऱ्या फलाटाकडे निघून गेली.