डाव्या पायातली साखळी

दिल्लीतल्या द्वारका भागात आमच्या नव्या सोसायटीसमोर काचेचे रुग्णालय उभे राहिले, तेव्हापासून माझी त्याच्यावर नजर होती. आयुष्यभर सरकारी फायली वाचलेल्या माणसाला गुळगुळीत फरशीचाही संशय येतो. नऊ वर्षांच्या नातीच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया तिथे ठरली, तेव्हा प्रत्येक कागदाची प्रत मी लेखी अर्ज करून मागितली.

आदल्या सकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी शस्त्रक्रिया रोखली. नातीचे रक्त गोठायला फार वेळ लागतो, असे तपासणीत दिसले होते. रक्तस्राव होऊ नये म्हणून प्लाझ्मा चढवण्याचा विचार होता. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, असे मी धरूनच चाललो. प्रती चाळताना मुलाने सांगितलेल्या माहितीखाली एक नोंद सापडली : ‘बाएँ पैर में चेन. उतार देंगे.’

नातीच्या पायात साखळी कधीच नव्हती. आज खोटी नोंद, उद्या खोटा अहवाल! चार परिच्छेदांची तक्रार लिहून मी बाईंच्या टेबलावर ठेवली.

“अंकलजी, चेन नहीं थी, तो पैर में था क्या?”

“कुछ नहीं था!”

“बाबा, तुम्हीच म्हणालात ना,” मुलगा वैतागला. “डाव्या पायात साखळी होती, ते डॉक्टरांना सांग म्हणून.”

“साखळी नव्हे! साकळलं होतं. रक्त साकळलं होतं!”

“म्हणजे?”

दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलाला तो शब्दच ठाऊक नव्हता. गेल्या सुट्टीत नात माझ्याबरोबर पुण्याला असताना रक्ताची गुठळी होऊन तिची डावी पोटरी सुजली होती. ‘पाय सुजला, बरा झाला’ एवढेच मी त्याला तेव्हा कळवले होते.

“खून जम गया था, मॅडम.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “जम गया था? और रिपोर्ट कहती है, जमता ही नहीं.”

प्लाझ्मा रद्द झाला, शस्त्रक्रिया लांबली. पुढच्या काही महिन्यांत निदान झाले. मुलांमध्ये दुर्मीळ असलेल्या या आजारात शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. काचेच्या नळीत रक्त गोठायला उशीर होतो, शिरांत मात्र गुठळ्या होतात. रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन किती तास थांबवायचे, सलाईन कधी सुरू करायचे, भुलीखाली अंग उबदार कसे ठेवायचे, हे सगळे मी बाईंकडून माझ्या खिशातल्या वहीत लिहून घेतले. ते दुसऱ्या रुग्णालयात दाखवले. चूक निघाली नाही, याचाही मला राग आला.

अर्जात ‘पूर्वी गुठळी झाली होती काय?’ असा रकाना नव्हता, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. पण रुग्णालयाला जाब विचारणारा मी कोण, मी तर साखळीवर चार परिच्छेद लिहिले होते.

शस्त्रक्रियेनंतर स्ट्रेचर बाहेर आले. “कशी आहे?” मी दोनदा विचारले. चादर सारून बाईंनी आधी नातीच्या दोन्ही पोटऱ्या हलकेच दाबून पाहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. मी खिशातली वही बाहेर काढली नाही.