रेघेवरचा अंगठा

कपाटात जुना फोटो सापडला आणि फोटो धुण्याच्या हायपोचा उग्र वास आठवला. दादाने अंगणातल्या दुर्बिणीला कॅमेरा बांधून, शटर उघडं ठेवून तिन्हीसांजेला जाणारा उपग्रह टिपला होता. करड्या आकाशात पांढरी रेघ आली, पण कडुनिंबाच्या फांदीमुळे मधेच तुटलेली.

ओला फोटो बाबांनी हातात घेतला. त्याच आठवड्यात त्यांनी हातमाग विकला होता. सूत जोडताना घोळवत, तसा त्यांनी तुटलेल्या जागी अंगठा घोळवला.

"बाबा, काय करून राहिले?" दादा ओरडला.

"धागा तुटला हाये गा, जोडून राहिलो," ते म्हणाले आणि एकदम ओशाळले.

तेव्हा वाटलं, फोटो वाया गेला. आज उपग्रह नाही, बाबा नाहीत. रेघही पुसट झाली आहे. तिच्या दोन टोकांमध्ये बाबांच्या अंगठ्याचा ठसा तेवढा स्पष्ट आहे.