काळ्या लोकरीचा धागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी दूध नासलं तरी फोन करून सांगते. अकरा वर्षं झाली. परवा आपल्या मराठी मंडळाकडून निरोप आला, स्मरणिकेसाठी शिक्षिका म्हणून एखादी गोड आठवण लिहा. गोड नाही — पण आठवण आहे, आणि तुम्हीच मागितलीत.

शारजातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. निर्भीड म्हणून माझं नाव आहे. गेल्या वर्षी शाल देताना मंडळानं हाच शब्द वापरला. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला.

आठवीला गुलामांच्या व्यापाराचा धडा होता. युरोपातून जहाजं निघायची, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कापड आणि बंदुका देऊन माणसं घ्यायची, अटलांटिकपार उसाच्या मळ्यांना ती विकायची आणि साखर घेऊन परतायची. जहाजाच्या तळात माणसं कशी खेटून निजवत त्याचं चित्र मी दाखवलं. मग कुणीतरी म्हणालं, "दे वेअर सो क्रुएल, मॅम." दे — म्हणजे ते, दुसरे. मला ते खुपलं. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं की आपल्याकडेही माणसं विकली जायची. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेत, कित्येक कोकणातून आणलेल्या. त्याचे कागद पुण्यात आहेत. माझा एम.ए.चा प्रबंधच त्यांच्यावर होता, त्यासाठी मी मोडी शिकले होते. एका कागदातल्या बाईचं नाव मी मुलांना सांगितलं — सखी. नावापुढे वय, वयापुढे किंमत. बापाचं नाव नाही, गाव नाही.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे विसरू नका, मीही विसरू देणार नाही.

पहिल्या बाकावर सानिका बसायची. तेरा वर्षांची, अल मजाजमध्ये आमच्याच इमारतीतली, आईवडील पुण्याचे. मी बोललेलं सगळं ती उतरवून घ्यायची, माझे विनोदसुद्धा. महिन्याभरानं शाळेत प्रदर्शन होतं. मुलांनी थर्माकोलवर जगाचा नकाशा केला, टाचण्या रोवल्या आणि लाल लोकरीनं अटलांटिकचा तो त्रिकोण विणला. सानिकानं घरून काळी लोकर आणली होती. कोकणातून पुण्याला येणारा एक धागा तिनं बांधला. जगाच्या नकाशावर तो केवढा दिसणार? बोटाच्या पेराएवढा. शेजारी इंग्रजीत एक कार्ड लावलं: सखी, पुण्यात विकली गेली. त्याखाली, अगदी बारीक अक्षरात — सोर्स: आमच्या मॅम. कुठलीही गोष्ट लिहिली की ती कुठून कळली ते खाली लिहायचं, ही शिस्त मीच लावली होती.

पालक आले. त्यांच्यात मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. दारातच मला म्हणाले, "महाराष्ट्र दिनाला यंदा मेन भाषण तुमचंच, मॅडम. खलास, फायनल." मग नकाशापाशी गेले. चष्मा लावलेला नव्हता, कार्डावरचं मोठ्या अक्षरातलं तेवढं वाचलं.

"अरे, ये क्या है? पुण्यात बायका विकायचे? हे भलतंच कुणी शिकवलं तुला, बेटा?"

सानिकानं माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही, हो — आनंदानं. आता मॅम सगळं सांगतील, असं तिला वाटलं.

"मी असं काही शिकवलेलं नाही," मी म्हणाले.

एवढ्यावर तरी थांबायचं. पण मी पुढे म्हणाले, "नेटवर वाचलं असेल कुठेतरी. आपल्याकडे दासी असायच्या, पण अगदी घरच्यासारख्या." हे दुसरं वाक्य कुणी मागितलं होतं? कुणीच नाही. ते मी आपणहून दिलं.

सानिकाच्या बाबांचा चेहरा पडला. "सानिका, से सॉरी." तिनं कार्ड उपटलं आणि मुठीत चुरगळलं. 'आमच्या मॅम' असलेली ओळ आधी आत गेली — मी पाहिलं. मग ती म्हणाली, "आय मेड इट अप. सॉरी, मॅम."

तेरा वर्षांची मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी काय केलं? टाचणी काढली, काळा धागा काढला आणि पर्समध्ये टाकला. वर्षभर तिनं वर्गात हात वर केला नाही.

आता कारणं शोधू नका. परक्या देशात सांभाळून राहावं लागतं, व्हिसा असतो, नोकरी असते — यातलं काहीही नव्हतं. काका फार तर भाषण काढून घेतील एवढंच होतं. मला ते भाषण हवं होतं. साडी कुठली नेसायची तेही मनात ठरलं होतं. भाषण झालं, टाळ्या पडल्या, सानिका दुसऱ्या रांगेत आईबाबांच्या मध्ये बसली होती.

स्मरणिकेत असलं कशाला, असं कुणीतरी म्हणणारच. मग कशात लिहू? दुसऱ्यांच्या जहाजांची चित्रं आपण किती हळहळून बघतो. आणि घरात भांडताना म्हणतो, मी काय तुमची बटीक आहे? बटीक कोण होती, हे कधी विचारलंत? मी विचारलं होतं, प्रबंधासाठी, चांगली दोन वर्षं. आणि एका भाषणासाठी तिला 'घरच्यासारखी' करून टाकलं.

सानिका आता दुबईत अल बर्शाला राहते. मागे मॉलमध्ये भेटली, नवऱ्याला म्हणाली, "माय हिस्टरी टीचर." हसून. मी विचारलं घर केवढं आहे, मेट्रो जवळ आहे का. तेवढंच जमलं मला.

हे तिला आधी दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर 'इट्स ओके, मॅम' म्हणाली असती. पुन्हा मलाच सांभाळून घेतलं असतं तिनं.

संपादकांना एकच सांगते. छापायचं तर पूर्ण छापा. सखीचं नाव काढणार असाल तर माझंही काढा. शाल कपाटात आहे, हवी तेव्हा घेऊन जा. सानिकानं काहीही रचलं नव्हतं. ते फळ्यावर लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात.